बूच

कॉम्प्युटर दोन हजार नऊचा.
टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा
दोन खुर्च्या आणि एका पंख्यासोबत अडीच हजारात
माझ्या दुकानात आला, लाखांदूर रोडवर.
सातबारा निघतो, फॉर्म भरले जातात.
फक्त गाणं लावलं
की नाकात बोलतो.

माऊस सरकवला की स्पीकरमध्ये
कागद फाडल्यासारखी खरखर.
प्रिंटर जागा झाला की घुंई.
मी वायर बदलली, पिन घासली,
दुसऱ्या बोर्डावरून वीज घेतली,
डबा उघडून पंख्यातली
राईस मिलच्या कोंड्याची लादी काढली.
घुंई तशीच.

तानबाजी सहारे रोज यायचे पेनड्राइव्ह घेऊन.
त्र्याण्णवची दंडार,
पुतण्यानं कॅसेटवरून उतरवलेली.
"माहा आवाज पाह्य कसा वर जाते,
अन् तुहा डब्बा त्याच्यात गोमाशी सोडते."

मग एका दुपारी, लाइट गेलेली,
मोबाइलच्या उजेडात मी त्याची पाठ पाहिली.
निळ्या भोकाशेजारी
चौकोनी काळं रबरी बूच.
अकरा वर्षं मला वाटायचं
कंपनीकडून एक भोक जास्त पडलं
आणि त्यांनी लाजून बुजवलं.

लाइट आल्यावर काढलं.
आत लाल उजेड.
अंगठा धरला तर नखावर
मसुरीच्या दाळीएवढा ठिपका.
आवाज होता तो,
बुचामागे कोणाला न सांगता जळत बसलेला.

केबल नागपूरहून आली, कंडक्टरच्या हाती.
सोबत काडेपेटीएवढी डबी,
उजेडाचा परत आवाज करणारी. साडेनऊशे.
तांब्याची तारच नाही मधे,
म्हणून घुंईला यायला वाट नाही.
तरी काहीतरी घासत होतं.
सेटिंगमध्ये अठ्ठेचाळीस हजार,
फाइल चव्वेचाळीस हजार शंभरची.
पायलीनं मोजलेलं धान
दर सेकंदाला कुडवानं परत मोजायचं,
सांडणारच.
मापाला माप लावलं.

तानबाजी आले. टोपी गुडघ्यावर.
आधी कोणीतरी खाकरलं.
बाकडं करकरलं. एक पोर पाणी मागत होतं,
त्याला कोणी दटावलं.
मग ती ओळ.
तिसऱ्या फेरीत, वरच्या सुरावर,
तानबाजींचा दम तुटला.
अगदी स्वच्छ तुटला.
आणि तुटायच्या आत डावीकडून
सोमा कुंभरे झीलकरी शिरला,
भारा कलताना
मागच्यानं खांदा द्यावा तसा.
वर गेला तो सोमा.

"आनखी लाव."
लावलं.
"आनखी."

मी उगाच माऊस फिरवला.
काहीच वाजलं नाही.
थोडं वाजायला हवं होतं.

"एकतीस वर्सं सांगत आलो," ते म्हणाले,
"का तो सूर माहा हाय.
सोमा म्हने ना, माहा हाय म्हनून.
मी म्हनलं, दारू बोलते."

मी काय बोलणार.
समोर कोणीतरी आधारची झेरॉक्स मागत होतं,
दोन्ही बाजू, एकाच पानावर.
ती काढून दिली.

तानबाजींनी पेनड्राइव्ह खिशात घातला,
पायरीवर थांबले,
वळून विचारलं,
"ते बूच कोठी हाय?"

मी टेबलाखाली वाकून पाहिलं,
कोंड्याच्या लादीतही पाहिलं.
सकाळी झाडताना गेलं असेल.