पुडक्यातल्या बाकीच्या

लॉट नंबर त्रेसष्ट. हरणांची पाचाची नोट.
पडद्यावर तिचा फोटो जेवणाच्या टेबलाएवढा,
खाली लिहिलंय : अतिदुर्मिळ. ज्ञात फक्त तीन.

शाहूपुरीतलं मंगल कार्यालय, वरचा मजला.
काल इथं साखरपुडा झाला असावा,
खांबाला झेंडूची माळ आहे अजून, अर्धी सुटलेली.
कोठाडियाशेठ पुण्याहून आलेत, हातात लाकडी हातोडी.
मी मागच्या रांगेत, फुकटचा चहा घेऊन.

बत्तीस वर्षं कॅशला बसलो,
गूळ मार्केटच्या शाखेत.
तिथं नोटा मोजायला ओला स्पंज लागायचा नाही,
गुळानं बोटं आपोआप धरायची.

ज्ञात फक्त तीन.
कुणाला ज्ञात?
मला कुणी विचारलं नाही.
बाबालाल मुजावरला विचारलं नाही,
जो सीझनला रोज संध्याकाळी सगळ्या हमालांची मजुरी
याच हरणांत घेऊन जायचा, टोपीत.
नेमगोंडा चौगुल्यांच्या आईला विचारलं नाही.
तिनं एक पुडकं तांदळाच्या कणगीत पुरलं होतं,
ते उंदरांनी खाल्लं की सुनेनं खर्चलं
यावर त्या घरात अजून दोन मतं आहेत.

नोट एकटी जन्मत नाही हो.
शंभराचं पुडकं, पुडक्यांची चळत,
प्रत्येकीला मागची एक बहीण, पुढची एक,
आकड्यानं बांधलेली.
पडद्यावरचा आकडा सत्तावन्नवर संपतो.
छप्पन्न कुठाय?
अठ्ठावन्न मीच दिली असेल कुणाला तरी,
पेन्शनच्या दिवशी गंगावेशीतल्या अनसूया पोवारांना कदाचित.
त्या नोट उजेडात धरून बघायच्या
आणि मग माझ्याकडं,
दोघांतलं खोटं कोण ते ठरवायचंय असं.

बऱ्याच मेल्या, हेही खरं.
भिजलेल्या, मधोमध फाटलेल्या, हळदीनं माखलेल्या,
आम्हीच भोकं पाडून, सुतळीनं बांधून वर पाठवल्या.
पुढं त्यांचं काय झालं मला ठाऊक नाही.
म्हणजे किती उरल्या
ते मलाही सांगता यायचं नाही.
पण मग त्यांना कसं येतं?
'दिसली नाही' आणि 'नाही' यांच्या मधे
ट्रंका किती असतील
एकट्या कसबा बावड्यात.

"अठरा हजार," लाल शर्टातला पोरगा म्हणाला.
इचलकरंजीचा, बापाचे चार लूम आहेत असं शेजारचा सांगत होता.
"अठरा एक वार... एकोणीस कोण?"

मी हात वर केला.
विचारायचं होतं फक्त.

"एकोणीस! मागचे काका!"

सगळ्या माना वळल्या.
"नाही, माझा प्रश्न आहे," मी म्हणालो,
पण पंखे, माईक,
आणि माझा आवाज काउंटरच्या जाळीपलीकडं
कधी गेलाय?

"वीस," लाल शर्ट.
माझ्या शंकेनं ती नोट
दोन हजारांनी आणखी दुर्मिळ झाली.
हातोडी पडली. टाळ्यासुद्धा.

नंतर तो स्वतःहून आला, प्लास्टिकच्या पाकिटात तिला धरून,
नवजात बाळ दाखवावं तसं.
"काका, तुम्ही का सोडली?"

मी चष्मा पुसला.
डावीकडं दोन बारीक भोकं दाखवली, पांढऱ्या भागात.
"पिनेची आहेत. म्हणजे ही पुडक्यात होती.
एकटी नव्हती."
वाटलं, आता याचा चेहरा पडणार,
आपण उगाच बोललो,
पोराच्या घासात खडा.

त्यानं मागं कोठाडियांकडं पाहिलं,
मग माझ्या अगदी कानाशी वाकला.
"पुडकं कुठाय, काका?"

मी चहाचा कप कुठं ठेवला होता
ते शोधत राहिलो.