खोली नऊ

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, त्वचाविभागात
राजमणी चिलवेरी पदर बाजूला करते.
बरगडीवर गेरू. खाली वाळलेले फोड.
आग मात्र जात नाही म्हणे, दीड महिना झाला.

"नागिणीचं तोंड शेपटीला लागलं की बाई संपती."
लागत नाही, मी सांगते.
कण्यातून निघते, एकाच नसेच्या वाटेनं जाते,
छातीच्या मधोमध थांबते,
काठाशी थबकलेल्या धोट्यासारखी.

लहानपणी कांजिण्या?
"आल्त्या की. मी आन पोशम्मा, एका गोधडीत.
मी उठले."
फॉर्मात रकाना एवढाच : होय / नाही.
होय.

मग संशोधनाचं समजावते.
दोन तऱ्हेच्या डब्या,
एकीत औषध, एकीत नुसतं पीठ.
तुमची कुठली, मलाही ठाऊक नाही.

तंबाखूनं पिवळ्या झालेल्या बोटांनी
ती डबी कानाशी हलवते,
हजारातली पोकळ बिडी हुडकावी तशी.
"आमच्याकडं पोकळ निघाली की छाट."
तरी सही करते, तेलुगूत, सावकाश.

क्रमांक सत्तेचाळीस.

दारातून वळते.
"डॉक्टरबाई, माझी नसेत झोपली होती म्हणता
एवढी वर्षं.
मग पोशम्माची?"