लागत नाही, चालतं

डॉक्टर तेंडोलकर बदली होऊन गेले तेव्हा
टेबल सरकारचं होतं, फ्रिज सरकारचा,
खिडकीतली कुंडी मात्र कुणाचीच नव्हती.
जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "धनपाल, हिला बघ."
मी गुरांच्या दवाखान्यातला परिचर.
बघ म्हटलं की बघतो.

पानं जाडसर, निळसर, जिभेएवढी,
गायीच्या नव्हे, करडाच्या.
फूल फिकं जांभळं, मधोमध पिवळी टिकली.
त्यांच्या आईनं म्हणे चिऱ्याच्या गडग्यावर लावली होती,
जिथं लाटेचं पाणी उडून येतं.
इथं उडून येते ती जिनिंगची सरकी.

पहिल्या वर्षी काळ्या मातीनं घात केला.
पऱ्हाटीची ती माय,
हिच्या मुळांना मात्र ओलं फडकं गुंडाळून बसली.
मग अडाण नदीतली घमेलंभर रेती,
फुटक्या कवेलूंचा चुरा,
तळाला लशीच्या बाटल्यांची रबरी बुचं.
पाणी एकदाचं खाली उतरलं.

पण समुद्राकडची पोर मिठाविना जगेल कशी?
मी समुद्र पाहिला नाही. सलाईन पाहिलंय.
कावलेवारांच्या म्हशीला लावलेल्या बाटलीत
दोन बोटं उरलं होतं, ते घातलं.
मग आठवडाभर कुठलं ना कुठलं उरलेलं.
पानांच्या कडा बिडीनं डागल्यासारख्या झाल्या.

फोन केला.
त्यांच्या मागं वारा होता, किंवा लाटा,
मला फरक कळत नाही.
खूप हसले. "अरे, मीठ तिला लागत नाही.
चालतं."

ते वाक्य घेऊन मी बरेच दिवस हिंडलो.
एकदा जेवताना बायकोला म्हटलं,
"सायबाचं बोलणं मले चालते. लागत नाही."
ती म्हणाली, "लागते.
झोपीत दात खाता तुमी."

आता वैशाखात पारा सेहेचाळीसला गेला
की तुराट्यांचा आडोसा करतो.
पाणी सकाळी, मुळाशी, पानांवर नाही.
श्रावणात कुंडी आत, लशीच्या खोक्याशेजारी.
वाळलेलं फूल नखानं खुडायचं, देठासकट,
नाहीतर बी धरून थकते,
सालोसाल व्यालेल्या गायीसारखी.

कार्तिकात फुटवे सोडवले. मुळांसकट तीन निघाले.
एक शेळी घेऊन आलेल्या सुगंधा टेकामला दिला,
एक माझ्या दारात आहे.
तिसरा वासरानं खाल्ला.
वासराला काही झालं नाही,
दोन दिवस शेण तपासलं.

काल नवे डॉक्टर रुजू झाले.
खिडकीकडं बघून म्हणाले, "ही नोंदीत आहे का?"
मी नोंदवही पुढं ओढली.

जनावर: डेझी.
मालक: रेघ.
लक्षणं: पौषात तेवीस फुलं.
उपचार: रेती, सावली, खुडणी.
शेरा: मीठ बंद.

सही तेवढी साहेबांची लागते.