पेव

हरिपूरचे बाबगोंडा आले
तेव्हा फॉर्म मीच भरला.
"रक्त पातळ करायची गोळी चालू आहे?"
"नाही."
मी नाहीवर खूण केली.
बाहेर बाकावर अजून अकरा जण,
रात्रभर जुलाबाचं पाणी पिऊन डोळे आत गेलेले.

आतड्यात देठ असलेला एक कोंब होता,
द्राक्षाच्या मण्याएवढा.
मॅडमनी फास टाकला, आवळला, करंट दिला.
कापलेली जागा पांढरी, कोरडी.
छान झालं, म्हणाल्या.
मी पुढच्याचं नाव पुकारलं.

तिसऱ्या रात्री दीडला फोन.
सून त्यांना रिक्षातून घेऊन आली,
तिची साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली
आणि मुठीत प्लास्टिकची पिशवी.
पिशवीत गोळ्यांच्या पट्ट्या, कडा कातरलेल्या.
"ही हार्टची," ती म्हणाली, "रोज जेवल्यावर."

हार्टची.
त्या घरात तिला दुसरं नावच नव्हतं.
मी विचारलं होतं माझ्या भाषेत,
त्यांनी खरं उत्तर दिलं होतं त्यांच्या.

दोन्ही हातांना सलाईन. मिरजेहून रक्त निघालं होतं.
पडद्यावर नुसतं लाल.
"पाणी मार. अजून मार. कुशीवर घ्या त्यांना."
मग गुठळीखाली एक बारीक धार दिसली,
नाडीच्या तालावर उडणारी.
पहिली क्लिप घसरली.
मॅडम काहीच बोलल्या नाहीत. मीही नाही.
दुसरी बसली.
धार थांबल्यावरही आम्ही दहा मिनिटं
तिथंच बघत उभ्या होतो,
दूध उतू जाईल म्हणून उभं राहावं तसं.

पहाटे मॅडमनी रजिस्टर मागितलं.
'गुंतागुंत' या रकान्यात
आमच्याकडे बहुतेक आडवी रेघ असते.
त्यांनी पूर्ण ओळ लिहिली, वेळेसकट,
आणि सुनेला बाकावर बसवून
तीच ओळ सोप्या शब्दांत सांगितली.

चौथ्या दिवशी बाबगोंडा भात खाऊ लागले, बोलूही लागले.
हळदीच्या पेवात उतरायचे ते, तरुणपणी.
"तोंड उघडलं की लगेच उतरायचं नसतं, सिस्टर.
आधी अर्धा दिवस उघडं ठेवायचं.
मग दोरीला कंदील बांधून सोडायचा.
विझला तर वर ओढायचा, आणि घरी जायचं.
माझा चुलता घाईत उतरला.
सगळे म्हणायचे, हळद चांगली होती त्या साली."

मी त्यांच्या हाताची पट्टी बदलत होते.
आमचाही दिवा आत जातो, काका,
पण तो विझत नाही.
जिथं उतरू नये तिथंही
लख्ख उजेड देतो.
हे मी बोलले नाही. चिकटपट्टी दाबली.

आता फॉर्मवरचा तो प्रश्न मी वाचतच नाही.
म्हणते, घरात असतील तेवढ्या गोळ्या
पिशवीसकट आणा,
हार्टच्या, गुडघ्याच्या, शेजारणीनं दिलेल्या.
काल बुधगावच्या एका बाईंनी
माझ्या टेबलावर पिशवी उलटी केली.
एसटीचं तिकीट, पिना, सुपारीचं खांड,
आणि तळाशी, कागदात गुंडाळलेली, एक पांढरी गोळी.
"ही कसली?"
"चक्कर येती म्हणून दिलीय, डॉक्टरनी."
मी ती तळहातावर घेतली,
खिडकीशी नेली,
आणि मॅडमना हाक मारली.
बाकावरचे दहा जण
कुरकुरत होते.