शिळा पाव

रोवीना फोनवर म्हणाली, यंदा स्टफिंग तू आण.
टर्की मी करते, भोपळ्याचं गोड मर्लची आई आणतेय,
तुला सगळ्यात सोपं दिलंय.
शिळा पाव, कांदा, सेलरी, लोणी, सेजची पानं.
सारण कालवायचं, ओव्हनमध्ये ढकलायचं. झालं.

लोणी किती, विचारलं.
तुला वाटेल त्याच्या दुप्पट, म्हणाली.
आणि मर्ल? हे मी विचारलं नाही.
तिनंही काढलं नाही.
पलीकडून थोडा वेळ नुसतं त्यांचं डिशवॉशर ऐकू येत राहिलं.

चोपन्न वर्षांचा आहे मी.
तेहेतीस वर्षं मेनच्या या किनाऱ्यावर लॉब्स्टरचे पिंजरे टाकतोय,
दाट धुक्यात नुसत्या घंटेवरून कुठला खडक ते सांगतो,
आणि इथे दुकानात, हिरव्या जुड्यांपुढे,
एकेक नाकाशी नेऊन परत ठेवतोय
चोरासारखा.
भाज्यांवर पाणी मारणाऱ्या पोरीनं दाखवली शेवटी:
राखी-हिरवी, मांजराच्या कानासारखी लव असलेली.
ही सेज, आजोबा.
आजोबा!

पाव ताजा घेतला. चूक तिथेच झाली.
शिळा पाव विकत मिळत नाही कुठे.
तो व्हावा लागतो.

मंगळवारी रात्री तुकडे करून वर्तमानपत्रावर पसरले.
बुधवारी सकाळी तरी मऊच. खारी हवा, दुसरं काय.
मग ट्रे ट्रकमध्ये ठेवला, हीटर पूर्ण सोडला
आणि हायवेवरून उगाच चाळीस मैल फिरलो
पावाला घेऊन.

वळणावर मर्लची नाव दिसली, ओंडक्यांवर चढवलेली,
तळाचा रंग खरवडून काढलेला.
दोघांची होती ती, नऊ वर्षांपूर्वीपर्यंत.
नावेचं नाव त्यानं बदललेलं नाही.
काच पुसली, पुन्हा बघितलं.
नाही बदललेलं.

घरी आलो तेव्हा तुकडे ट्रेमध्ये खडखडत होते.

कांदा चिरताना जे व्हायचं ते झालं.
लोणी वितळलं, सेलरीची करकर संपली,
पानं चुरगळून टाकली आणि
घराला एकदम सण कळला.
टर्कीच्या हाडांचा रस्सा ओतला थोडा. पाव प्यायला.
आणखी ओतला. तोही प्यायला.
ताजा असता तर लगदा झाला असता,
हे मला कोणी सांगितलं नव्हतं,
चमच्याला कळलं.

टेबलाला अकरा माणसं, खुर्च्या नऊ,
दोन पोरं आइसबॉक्सवर.
जेवणाआधी प्रत्येकानं कशाचे तरी आभार मानायचे असतात.
मर्लनं गुडघ्याच्या नव्या वाटीचे मानले.
मी हवामानाचे.
भांडं हातोहात फिरत त्याच्यापर्यंत गेलं.
त्यानं कोपरा उकरला, जरा करपलेला,
म्हणजे मी स्वतःसाठी हेरून ठेवलेला.
चावला. बराच वेळ चावला.
"मीठ विसरलास."

नऊ वर्षांत पहिलं वाक्य.
रोवीनाचा काटा तसाच हवेत.
मी म्हणालो, "हो."
मिठाची बाटली माझ्यापाशी होती, सरकवली.
ती पोचायच्या आत
त्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

यापुढे काही झालं नाही.
फुटबॉल लागला, पोरं भांडली, निघताना त्यानं हात केला
की दारावरचा दिवा बंद केला, नक्की सांगता येणार नाही.

शुक्रवारी पहाटे साडेचारला पहिला पिंजरा वर घेताना
आमिषाच्या हेरिंगच्या उग्र वासाखालून
हातमोज्यातून आली,
सेज.
दोनदा साबण लावला होता.