दोन पौंड, एक औंस

लोक खिडकीशी दोनच प्रश्न विचारतात:
शौचालय कुठंय, आणि भूत आहे का.
शौचालय डावीकडे. भुताबद्दल
मी छापील पत्रक पुढे सरकवते;
त्यात एक निळी बाई जिना उतरते,
दर वर्षी थोडी अधिक तरुण.

किल्ला म्हणजे आमच्याकडे
तोफांपेक्षा चहालाच गर्दी.
एकशे ऐंशी खोल्या, त्यांतल्या एकवीस उघड्या,
समुद्राकडे पायरीपायरीनं उतरलेली बाग,
कात्रीच्या धाकातली हिरवी कुंपणं,
गुलाबांपुढे त्यांच्या नावांच्या पाट्या,
आणि साडेअकराला नि दोनला
डूगल मॅकरे.

चामड्याचा हातमोजा, मळखाऊ जाकीट,
मनगटावर ब्रीडी. बहिरी ससाणा, मादी.
पायांत घुंगरू, डोळ्यांवर टोपी,
शाळेच्या पहिल्या दिवशी
दारात उभ्या केलेल्या मुलीसारखी ताठ.
मग टोपी निघते, ती सुटते.
कापड टरकावं तसा आवाज होतो.
मुलं डोकी खाली घालतात, हसतात मागाहून.

‘हिचं तुमच्यावर फार प्रेम असेल!’
दर खेळाला कुणीतरी म्हणतंच.
‘प्रेम नाही, बाई, वजन.
दोन पौंड एक औंस असली तर परत येते.
दोन पौंड तीन झाली, की मी कोण नि ती कोण.’
लोक हसतात. डूगल हसत नाही.
रोज सकाळी तो तिला तराजूवर बसवतो,
आकडा वहीत मांडतो, उधारी मांडावी तसा.

गेल्या गुरुवारी ती आली नाही.

दोनचा खेळ. वारा समुद्रावरून.
त्यानं शीळ घातली, दोरीचं आमिष
डोक्याभोवती फिरवलं, पुन्हा फिरवलं.
ती कारंज्यावरून वळली, मनोऱ्यांच्या टोकांवरून,
आणि सरळ डोंगराकडे.
लोक पाच मिनिटं थांबले, दहा मिनिटं,
मग ताज्या स्कोनच्या वासामागे निघून गेले.
माळ्याची कात्री काही थांबली नाही.

पाचला गल्ला मोजून, खिडकी लावून
मी खाली गेले.
तो तसाच, हात पुढे धरून.
दुर्बीण माझ्या हाती दिली. ‘तो हिरवा चौकोन दिसतो?’
हेदरच्या जांभळ्यात खरंच एक हिरवं ठिगळ होतं.
‘नेटल. अंगाची आग करणारं.
जिथं माणसं राहिली, राख पडली, शेण पडलं,
तिथंच ते इतकं दाट माजतं.
माझ्या खापरपणजोबाचं घर.
एक भिंत उरलीय. तिच्यावर बसलीय ती.’

घर कुणी रिकामं करवलं, ते तो बोलला नाही.
त्या साहेबाचं तैलचित्र जिन्याच्या वळणावर आहे,
मी रोज त्याच्याखालून डबा घेऊन जाते.
मेंढ्यांना जागा हवी होती.
छपरं पेटवली, माणसं किनाऱ्यावर लोटली,
उरली ती बोटीत.
पत्रकात त्याला ‘सुधारणांचा काळ’ म्हटलंय.
ते पत्रक मीच वाटते.

‘वर जाऊन आणायची का?’
‘भूक लागू दे,’ तो म्हणाला.

ऑगस्टचा उजेड उतरायला वेळ लावतो.
साडेआठला घुंगरू ऐकू आलं.
ती हातमोज्यावर उतरली, मांसाचा तुकडा खाल्ला,
चोच त्याच्या बाहीला पुसली.
टोपी घालताना त्याचा हात थरथरत होता.
थंडीनं असेल. सहा तास धरला होता.

दुसऱ्या सकाळी वहीत त्यानं काय लिहिलं,
मी पाहिलं नाही.

पण आज एका गृहस्थानं विचारलं, भूत आहे का,
तेव्हा पत्रक नाही सरकवलं.
म्हटलं, बागेच्या मागच्या फाटकातून वर,
दीड तासाची चढण. पायभर विजार घाला.
त्याचं तिकीट लागत नाही.