दुरुस्ती-रेषा

मी इथली चिटणीस. बावीस वर्षं
ह्या पत्र्याच्या कार्यालयात बसून
तीनशे चाळीस माणसं, नऊशे किलोमीटर रस्ते
आणि एका रोड-ग्रेडरचा हिशेब ठेवते.
माणशी अडीच किलोमीटरहून जास्तच रस्ता येतो वाट्याला.
तरी कुणी कुणाकडे फारसं जात नाही.

भिंतीवरचा नकाशा गणिताच्या वहीसारखा.
दूरच्या कुठल्या शहरात बसून कुणी
फूटपट्टीनं चौकटी आखल्या ह्या गवतावर,
गवताला न विचारता.
गव्यांच्या मागे ह्याच गवतातून फिरणाऱ्यांना तर
विचारायचा प्रश्नच नव्हता.
ग्रेडर चालवणारा एल्झेअर त्यांच्यातल्याच एका आजीचा नातू.
तो म्हणतो, रेघ सरळ आहे गं,
पृथ्वीच ऐकत नाही.

खरंच नाही ऐकत.
उत्तरेला जाताना रेघा एकमेकींकडे कलतात,
म्हणून दर चोवीस मैलांवर
रस्ता मध्येच तुटतो, बाजूला सरकतो,
आणि जसं काही झालंच नाही असा पुढं निघतो.
दुरुस्ती-रेषा म्हणतात तिला.
बाहेरगावचा माणूस तिथं हमखास खड्ड्यात जातो.
आम्ही दोर घेऊन येतो, कॉफी देतो,
आणि जग गोल असल्याचं सांगतो.

मंगळवारच्या सभेत विषय होते चार.
वाहून गेलेली मोरी.
धान्याच्या जुन्या कोठाराचं लाकूड कुणाला द्यायचं.
खारुंड्यांच्या शेपट्या, दर नगाला अर्धा डॉलर :
टेव्सांचा धाकटा आइस्क्रीमच्या बादलीत
दोनशे चौदा घेऊन आला होता.
मी एकेक मोजली. चार निघाल्या साध्या खारीच्या.
शेपट्यांच्या नावाखाली पोरगा
मला शेंडी लावत होता.

चौथा विषय, ओल्हा स्टाद्निकचा रस्ता.
म्हातारी शहरातल्या शुश्रूषागृहात गेली, तिथंच गेली.
आता त्या सहा किलोमीटरच्या टोकाला कुणी नाही.
सूचक रूबेन टेव्स. मंजूर.
मी लिहिलं : मंजूर.
पेनाला काय, तो कशालाही मंजूर लिहितो.

मग तिची फाइल काढली, बंद करायला.
एकसष्ट पत्रं. सगळी तक्रारीची.
एकोणऐंशीत बर्फ उशिरा काढलं.
ब्याऐंशीत फार लवकर काढलं, पुन्हा साचलं.
ग्रेडरच्या पात्यानं माझ्या फाटकाचा ओठ तोडला.
तुमचा तो ड्रायव्हर मान हलवत नाही, शिष्ट आहे.
(एल्झेअरनं त्यानंतर टोपी काढायला सुरुवात केली.)
शेवटचं पत्र, तीन वर्षांपूर्वीचं,
अक्षर मुंग्यांसारखं पांगलेलं :
यंदा रस्ता चांगला आहे.
कुणी येत नाही, त्यामुळे झिजत नाही.

त्यावर पोच द्यायची राहिली होती.

शनिवारी मीच गेले पाटी ठोकायला :
पुढील रस्त्याची देखभाल होत नाही,
जाणाऱ्यानं आपल्या जबाबदारीवर जावं.
वारा होता, इथं असतोच,
त्याला अडवायला दोनशे मैलांत एक झाड नाही
असं म्हणतात, पण तिनं लावलेलं लायलॅक होतं,
घराच्या उंचीचं, फुललेलं,
आणि आत मधमाश्यांचा असा गलका
की सभा चालू असावी.

खांब नेमून दिलेल्या जागी घातला.
दीड वीत गेला आणि खणकन दगड लागला.
इथल्या मातीत दगडच उगवतात दर वसंतात,
आम्ही वेचतो, ते पुन्हा येतात.
पहार मारून बघितली. हलेना.
मग पाटी पूर्वेला चार हात सरकवली.
नकाशात ती अजून जुन्याच जागी आहे.
पाणथळीवरून बदकांची एक रांग उठली,
तीही वाकडीच.

परत येताना दुरुस्ती-रेषेवर
गाडी हळू केली, वळवली, पुन्हा वळवली.
समोरून एल्झेअर येत होता, पातं वर उचलून,
सुट्टीच्या दिवशी, कुठं निघालाय विचारलं नाही.
मी फक्त मान हलवली.
त्यानं टोपी काढली.